फुलदाणीतलं एक वर्ष: डच पद्धतीने पुष्पचित्र रंगवताना

1742 साली ॲमस्टरडॅमचा चित्रकार यान व्हान हॉइसम याने एका पत्रात कळवलं की हाती घेतलेलं पुष्पचित्र बरंच पुढे गेलं आहे; गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला असता तर ते एव्हाना पुरंही झालं असतं. त्या वेळी तो साठीला टेकलेला होता, त्याच्या चित्रांना युरोपभर मागणी होती आणि गुलाब त्याने आयुष्यभर रंगवले होते. तरीही तो एका फुलासाठी वर्षभर थांबला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं मातीच्या फुलदाणीतल्या फुलांचं एक चित्र आहे. त्यावर त्याने 1736 आणि 1737 अशी दोन सालं घातली आहेत.

डच पुष्पचित्रांचं मर्म या थांबण्यात आहे. त्यांत ट्युलिप, गुलाब, आयरिस, कार्नेशन अशी वेगवेगळ्या महिन्यांतली फुलं एकाच फुलदाणीत असतात. तसा गुच्छ कुणाच्या टेबलावर कधीच नव्हता. एकेका फुलाची अभ्यासचित्रं करून, ती महिनोन्‌महिने सांभाळून, चित्रकाराने तो फळीवर जुळवलेला असतो. म्हणून या चित्रांचा अर्थ आणि त्यांचं तंत्र वेगवेगळं शिकता येत नाही असं मला ठामपणे वाटतं. फूल कोणत्या अवस्थेत पकडलं, त्याला कुठे बसवलं, किती थरांत उभं केलं, यातून अर्थ येतो. नुसत्या नावावरून तो फारसा येत नाही.

आपल्याकडे इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेपासून स्थिरचित्र एका बैठकीत संपवायची सवय लागते. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागेल. खाली जे सांगतो आहे ते साधारण 12 बाय 16 इंचांच्या एका तैलचित्रासाठी आहे, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागेल असं धरून चाला. रोज बसायची गरज नाही. फूल येईल तेव्हा मात्र बाकीची कामं बाजूला ठेवून बसावं लागेल.

आधी प्रतीकांचा गुंता सोडवू

इंटरनेटवर ‘फुलांचे अर्थ’ सांगणाऱ्या याद्या ढिगाने मिळतात: लाल गुलाब म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मत्सर वगैरे. ही ‘फुलांची भाषा’ एकोणिसाव्या शतकातली आहे. 1819 साली पॅरिसमध्ये निघालेल्या एका पुस्तकानंतर तिची लाट आली. तिच्या चष्म्यातून तिच्याही दोनशे वर्षं आधीची चित्रं वाचली तर हाती चुकीचं काहीतरी लागतं. जुन्या चित्रांत अर्थाचे निदान तीन वेगवेगळे प्रवाह आहेत. आपल्या चित्रात कोणता हवा हे पहिला ब्रश उचलण्याआधी ठरवायला हवं.

पहिला प्रवाह धर्माचा. हान्स मेमलिंगने 1485 च्या सुमारास एका प्रार्थना करणाऱ्या तरुणाच्या व्यक्तिचित्रामागे फुलांचा एक कुंजा रंगवला. हे चित्र आज माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे. कुंजावर येशूच्या नावाची आद्याक्षरं आहेत. त्यात पांढरी लिली आहे, ती मेरीच्या निर्मळपणाची. आयरिस आहे, त्याची पानं तलवारीसारखी, म्हणून तो मेरीच्या काळजात रुतलेल्या दुःखाचा. आणि कोलंबाइन आहे, ज्याच्या पाकळ्यांत लोकांना कबुतरं दिसायची, म्हणून ते पवित्र आत्म्याचं. इथे अर्थ पक्के आहेत, कारण कुंजावरची अक्षरंच ते पक्के करतात.

दुसरा प्रवाह काळाचा. जाक डे गेनचं 1603 चं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे: कोनाड्यात कवटी, तिच्यावर तरंगणारा मोठा बुडबुडा, बाजूला फुलदाणीत खुडलेला ट्युलिप. माणूस गवतासारखा आणि त्याची शोभा रानफुलासारखी, हे बायबलमधलं वचन त्या काळी प्रत्येकाला पाठ होतं, त्यामुळे अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. पुढे कवटी मागे पडली आणि तिची जागा किडीने खाल्लेल्या पानाने, पिकलेल्या पाकळीने, खिशातल्या घड्याळाने घेतली.

तिसरा प्रवाह पैशाचा, हौसेचा आणि ज्ञानाचा. यान ब्रूगल थोरला याने 1606 साली मिलानच्या कार्डिनल बोरोमेओसाठी एक पुष्पचित्र केलं. अँटवर्पमध्ये न मिळणारी फुलं पाहायला तो ब्रसेल्सला गेला. फुलांखाली त्याने एक दागिना आणि नाणी रंगवली, आणि फुलं सोन्या-रत्नांहून सरस ठरतात का ते आपणच पाहावं असं कार्डिनलला लिहिलं. पट्ट्यापट्ट्यांचे ट्युलिप, चिनी मातीची भांडी, पूर्वेकडच्या समुद्रांतले शंख हे सगळं डच व्यापाऱ्यांच्या घरात मिरवण्याचं ऐश्वर्य होतं. ट्युलिपचे भाव 1637 च्या फेब्रुवारीत कोसळले; आपल्या वेंगुर्ल्याची डच वखारही त्याच 1637 सालची. चित्रातला शंख ज्या जहाजांतून येत होता, त्या व्यापाराचं एक टोक आपल्या किनाऱ्यावर होतं.

कलेच्या इतिहासकारांत यावर जुना वाद आहे. एड्डी डे योंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रत्येक वस्तूमागचा दडलेला बोध शोधला, तर स्वेतलाना आल्पर्स यांनी 1980 च्या दशकात डच चित्रकला मुळात डोळ्यांनी पाहून वर्णन करणारी आहे असं मांडलं. माझा कल असा: चित्रात कवटी, क्रूस किंवा घड्याळ असेल तर बोध वाचावा, नसेल तर आधी डोळ्यांवर विश्वास ठेवावा. आणि स्वतःचं चित्र करताना एकच प्रवाह मुख्य धरावा. तिन्ही एकत्र आणले की चित्राचं प्रदर्शनातलं दुकान होतं.

कृष्णकमळ: अर्थ कसा तयार होतो ते दाखवणारं फूल

प्रतीक म्हणजे काय हे एका फुलावरून समजून घ्यायचं असेल तर कृष्णकमळ घ्या. हे फूल मूळचं अमेरिका खंडातलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथलिक धर्मगुरूंमार्फत त्याची ख्याती युरोपात पोचली आणि त्यांनी त्यात येशूचा छळ मोजला: पाच निदलं आणि पाच पाकळ्या मिळून दहा, म्हणजे यहुदा आणि पीटर वगळून उरलेले दहा शिष्य, तंतूंचं कडं म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे, वेलीचे ताणे म्हणजे चाबूक. डच चित्रकर्ती राखेल रॉइस हिच्या पुष्पचित्रांत हे फूल दिसतं.

हेच फूल आपल्याकडे आलं आणि आपल्या लोकांनी त्यात महाभारत मोजलं. कड्यातले तंतू शंभर कौरव, पाच पुंकेसर पाच पांडव, मधोमध कृष्ण. वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश असंही सांगतात. आकडे तेच आहेत, कथा बदलली. दोन्ही ठिकाणी लोकांनी आधी फूल हातात घेऊन त्याचे भाग मोजले आणि मगच त्यात आपली गोष्ट पाहिली. प्रतीकाचा जन्म असा बारकाईने पाहण्यातून होतो. चित्रकाराला याचा सरळ उपयोग आहे: पुंकेसर पाचच्या जागी चार निघाले तर पांडवही जातात आणि जखमाही.

ते रंगवायचं कसं तेही इथेच सांगतो, कारण तंतूंचं कडं पाहून भलेभले गांगरतात. तंतू एकेक करून सुरू करू नका. आधी पूर्ण कड्याची एक तबकडी समजा आणि तिच्यावर रंगांची वलयं द्या: आत गडद जांभळं, मग पांढुरकं, बाहेर निळसर-जांभळं. ओल्या रंगातच वलयांच्या कडा मऊ करा. हा थर वाळला की लांब केसांच्या बारीक रिगर ब्रशने केंद्राकडून बाहेर तंतू ओढा; ज्या वलयातून तंतू जातो त्या वलयाच्या रंगापेक्षा किंचित उजळ रंगाने. प्रकाशाकडच्या बाजूचे तंतू सुटे आणि स्पष्ट, सावलीतले नुसते सुचवलेले. कृष्णकमळ साधारण एकच दिवस टिकतं, तेव्हा सकाळी अभ्यासचित्र सुरू करून दुपारपर्यंत संपवा.

फुलं निवडणं आणि त्यांचं पंचांग

ट्युलिप आणि पिओनी बाजारातून आणून डच चित्राची नक्कल करण्यात मला रस नाही. त्या चित्रकारांनी आपल्या अंगणातलं, आपल्या शहरातल्या बागेतलं रंगवलं. आम्ब्रोसियस बॉसखार्ट मिडलबर्गला राहायचा, तिथल्या लोकांना दुर्मिळ झाडं जमवायचं वेड होतं, म्हणून त्याच्या चित्रांत दुर्मिळ फुलं आली. तुम्ही सात-आठ फुलं निवडा, ती निदान तीन ऋतूंतली असू द्या. उन्हाळ्यात मोगरा आणि बहावा, पावसाळ्यात कृष्णकमळ आणि तेरडा, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती आणि गावठी गुलाब, फाल्गुनात पळस. जास्वंद आणि कर्दळ जवळजवळ वर्षभर हाताशी असतात. कोकणात आणि घाटावर हे थोडं मागेपुढे होईल.

आपल्या फुलांना आपले अर्थ आधीच चिकटलेले आहेत, ते विसरून चालणार नाही. जास्वंद दिसली की मराठी माणसाला गणपती आठवतो. केवडा महादेवाला वाहत नाहीत हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतं. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, पारिजातक मात्र चालतो. शेवटची गोष्ट चित्रकारासाठी फार मोलाची आहे. डच चित्रांत फुलदाणीखालच्या कट्ट्यावर एखादं गळलेलं फूल किंवा पाकळी जवळजवळ ठरलेली असते, आणि ती नाश सांगते. त्याच जागी केशरी देठ वर करून पडलेली पारिजातकाची दोन-चार फुलं ठेवली, तर मराठी डोळ्यांना त्यात नाशाऐवजी अर्पण दिसतं. जागा तीच, अर्थ उलटा.

अभ्यासचित्रं

प्रत्येक फुलाची चार दृश्यं हवीत: समोरून, तिरकं, पूर्ण बाजूने आणि मागून. मागची बाजू बहुतेक जण टाळतात. नंतर सगळी फुलं फोटोला उभी राहिल्यासारखी पाहणाऱ्याकडे तोंड करून बसतात. शिवाय तीन अवस्था: कळी, बहर, उतरण. जाड कागदावर जलरंग किंवा गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) करा, फुलाच्या खऱ्या आकारात. कागदाच्या कडेला तारीख, प्रकाशाची दिशा आणि रंगमिश्रणाचे नमुने टिपा.

सर्व अभ्यासांत प्रकाश एकाच बाजूने, शक्यतो डावीकडून वरून यायला हवा. हा नियम एका फुलालाही सोडू नका, कारण सहा महिन्यांनी ही फुलं एकाच फुलदाणीत जायची आहेत. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम. नसेल तर एकच दिवा एकाच जागी ठेवा.

फूल पहाटे खुडा, देठ तिरपा कापा, लगेच पाण्यात ठेवा. आपल्या उन्हाळ्यात मोगरा दुपारपर्यंत कडेने तपकिरी पडू लागतो. म्हणून आधी रंग टिपा, आकार मागाहून. आकार फोटोवरून तपासता येतो, रंग नाही. गुलाबी-जांभळ्या छटांमध्ये मोबाइलचा कॅमेरा फसवतो. पारिजातक रात्री उमलतो आणि पहाटे गळतो, त्याचा अभ्यास सूर्योदयाच्या प्रकाशात उरकावा लागतो.

हे कागद फेकू नका. बॉसखार्टच्या चित्रांत तीच फुलं आणि तेच शंख पुन्हापुन्हा येतात. अशा अभ्यासांचा साठा त्याच्याजवळ असणार हे उघड दिसतं.

फळी, अस्तर, रंग

बारीक कामाला खरखरीत कॅनव्हास त्रास देतो. बॉसखार्ट लाकडावर आणि तांब्याच्या पत्र्यावर रंगवायचा. तुम्ही चांगलं प्लाय किंवा एमडीएफ घ्या. मुंबई-कोकणात एमडीएफ दमटपणाने फुगतं, म्हणून दोन्ही बाजू आणि चारही कडा बंद करा. जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन-चार हात, प्रत्येक हात वाळल्यावर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून. वर रॉ अंबर आणि थोडा पांढरा यांचा पातळ, मध्यम करडा-तपकिरी लेप. कोऱ्या पांढऱ्यावर पांढऱ्या फुलाचा उजेड मोजता येत नाही, म्हणून हा लेप.

रंग मोजके पुरतात: टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम येलो, येलो ऑकर, कॅडमियम रेड, पर्मनंट अलिझरिन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. अलिझरिन घेताना ट्यूबवर छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. जुनं पीआर 83 उजेडाने उडतं, क्विनॅक्रिडोन असलेलं टिकतं. झिंक व्हाइट टाळा, त्याचा थर काळाने ठिसूळ होतो. जुन्या चित्रकारांचे शिशाचा पांढरा, पाऱ्याचा शेंदरी, सोमलाचा पिवळा हे विषारी रंग घरात आणण्याची काहीही गरज नाही.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

रचना

पहिल्या चित्रासाठी हॉइसमचा मार्ग नको. त्याची फुलं फुलदाणीतून ओसंडून खाली उतरतात आणि तो तोल सांभाळायला फार सराव लागतो. बॉसखार्टकडून सुरुवात करा. हेगच्या मॉरित्सहॉइसमध्ये त्याचं खिडकीतल्या फुलांचं चित्र आहे, 1618 च्या सुमाराचं. कमानीच्या खिडकीत काचेचं भांडं, मागे दूरवरचा निळसर मुलूख, कट्ट्यावर शंख. गुच्छ जवळजवळ सममित आहे, प्रत्येक फुलाला पूर्ण चेहरा दिलेला आहे आणि फारच थोडी फुलं एकमेकांवर चढतात. पानं मात्र किडीने खाल्लेली आहेत.

अभ्यासचित्रांच्या खऱ्या आकाराच्या कागदी प्रती कापा आणि फळीवर सरकवून पाहा. गुच्छाची उंची फुलदाणीच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. सर्वांत उजळ फुलं, म्हणजे पांढरी, फिकी गुलाबी, पिवळी, मध्याजवळ. गडद लाल, जांभळी, निळी कडेला. सतराव्या शतकातला पुष्पचित्रकार यान डे हेम आणि रॉइस यांच्या चित्रांतही उजेड असाच मध्यात गोळा होतो आणि कडा अंधारात विरतात. काही फुलं बाजूला वळलेली, एखादं पाठमोरं असू द्या. देठ कुठून येतात ते आखून घ्या. भांड्याच्या तोंडात मावणार नाहीत इतके देठ झाले तरी डच चित्रकार फिकीर करत नसत, पण प्रत्येक देठाची दिशा मात्र त्या तोंडाकडेच हवी.

आता अर्थाची जागा. सगळ्यात वर काय आहे, मध्ये काय आणि कट्ट्यावर काय, हे तीन निर्णय चित्र बोलतं करतात. वर कळी ठेवली तर नजर वाढीकडे जाते. वर पूर्ण उमललेलं, उतरणीला लागलेलं फूल ठेवलं तर सारा गुच्छ झुकल्यासारखा वाटतो. भांडंही विचार करून घ्या. काच घेतलीत तर पाण्याच्या पातळीवर देठ तुटल्यासारखा सरकलेला दाखवा, आणि प्रकाशाच्या बाजूला खिडकीचं छोटं वाकलेलं प्रतिबिंब. विरुद्ध बाजूला आतून उजेड येतो हे विसरू नका. डे हेमच्या काचेतल्या खिडकीच्या चौकटीत पुष्कळांना क्रूस दिसतो. पितळी तांब्या घेतलात तर त्याच्या पोटावर जवळच्या फुलांचे रंग ओघळलेले दिसतील, आणि चित्राला लगेच देवघराचा सूर लागेल. तो हवा असेल तरच घ्या.

थर

पहिला थर फक्त टर्पेंटाइनने पातळ केलेला. आधी पार्श्वभूमी, फुलांच्या जागा राखून. मग प्रत्येक फुलाचा एकच मध्यम, मुका रंग सपाट भरा: पांढऱ्या फुलाला करडा, लाल गुलाबाला मंद शेंदरी, जांभळ्याला राखाडी-निळा, पानाला मळकट हिरवा. या टप्प्यावर चित्र निर्जीव दिसतं आणि तसंच दिसायला हवं. इथे पाकळ्या काढायचा मोह झाला तर फळी भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि दोन दिवसांनी परत या.

दुसऱ्या थरात एक भाग तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन. आता एकेक फूल पूर्ण करायला घ्या, एका बैठकीत एकच. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल नेहमी जास्त, नाहीतर काही वर्षांत भेगा पडतात.

पाकळीत ब्रश शिरांच्या दिशेने, कडेपासून बुडाकडे. प्रकाशातली कड धारदार, सावलीतली शेजाऱ्यात मिसळलेली. गुलाबात आधी वाटीचा छायाप्रकाश पाहा, मग पाकळ्या. झेंडू आणि शेवंतीला हे दुप्पट लागू: आधी चेंडूसारखा गोल, त्याची उजेडाची आणि सावलीची बाजू, आणि सर्वांत शेवटी उजेडाच्या बाजूला तेवढ्याच पाकळ्यांच्या कडा. प्रत्येक पाकळी सारख्या निष्ठेने काढली की झेंडूची वीट होते.

पांढरं फूल सर्वांत कठीण. मोगऱ्यात शुद्ध पांढरा फक्त दोन-तीन टिंबांत असावा. बाकीचं सगळं करडं, उजेडाकडे किंचित पिवळट, सावलीत निळसर, आणि पानाजवळ हिरवट, कारण पान त्याच्यावर उजेड फेकतं.

गडद लाल गुलाबासाठी शेंदरी रंगात संपूर्ण छायाप्रकाश बांधा, तो पूर्ण वाळू द्या, आणि त्यावर पर्मनंट अलिझरिनचा तेलकट पारदर्शक लेप फिरवा. उजेडाच्या जागी कापडाने पुसून पातळ करा, खोल घड्यांत दुसऱ्यांदा द्या. मखमलीची ती खोली ट्यूबमधल्या कुठल्याच एका लालने येत नाही. खालच्या थरावरून परतणारा उजेड ती देतो.

पानांबाबत जुन्या चित्रांकडून एक सावधगिरी शिकायला हवी. हॉइसमच्या कित्येक चित्रांत पानं आज निळी दिसतात. त्याने खाली निळसर थर देऊन वर वनस्पतीजन्य पिवळ्याचा पारदर्शक लेप दिला होता. पिवळा उजेडाने उडाला, निळा राहिला. मेट्रोपॉलिटनमधल्या मार्गारेटा हाव्हरमानच्या 1716 च्या चित्रातही हेच झालं आहे. हॉइसमने जिला आपली विद्यार्थिनी करून घेतलं ती हीच. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आब्राहाम मिन्योनचं फुलं आणि घड्याळाचं चित्र आहे. त्यातला पिवळा गुलाब आज सपाट डागासारखा दिसतो, कारण तो ज्या सोमलयुक्त पिवळ्याने रंगवला तो रंग झडला. क्ष-किरण तपासणीत खालचा मूळ छायाप्रकाश सापडला. तेव्हा पानाचा हिरवा आधी अपारदर्शक रंगांतच नीट मिसळा, आणि लेप द्यायचा तर पीवाय 150 सारख्या टिकाऊ पिवळ्याचा. सगळ्या पानांना एक हिरवा देऊ नका: मागची निळसर आणि मंद, पुढची उबदार, एखादं उलटं वळलेलं आणि फिकं.

थेंब, कीटक, कुरतडलेलं पान

हे सगळं शेवटी, पूर्ण वाळलेल्या रंगावर. दवाच्या थेंबाचं कोडं सोपं आहे. प्रकाश डावीकडून वरून येत असेल तर थेंबाची डावी-वरची बाजू पाकळीपेक्षा गडद करा, उजवी-खालची बाजू उजळ. गडद भागात एक टोकदार पांढरं टिंब. थेंबाच्या बाहेर, उजवीकडे खाली बारीक सावली, आणि त्या सावलीत उजेडाची एक रेघ. गुच्छात तीन थेंब पुरे.

जुन्या चित्रांत फुलपाखरू बहुधा आत्म्याचं किंवा पुनरुत्थानाचं, सुरवंट त्याआधीच्या देहाचा, माशी सडण्याची. ऑटो मार्सेउस व्हान स्क्रीक याने तर खऱ्या फुलपाखराचे पंख ओल्या रंगावर दाबून त्यांचे खवले चित्रात उतरवले, आणि शेवाळ रंगात बुडवून जमिनीवर ठसे घेतले. पंखांचा प्रकार सोडून द्या. स्पंज किंवा वाळक्या शेवाळाचे ठसे कट्ट्याच्या दगडासाठी आजही छान चालतात. कीटक खऱ्या मापाचा काढा आणि त्याची सावली ज्या पृष्ठावर तो बसला आहे त्याच्या उतारानुसार पाडा, नाहीतर तो चिकटवलेला वाटतो.

पानावरची भोकं काळी नसतात. भोकातून मागचं जे दिसायला हवं तेच रंगवा, आणि कडेला पिवळट-तपकिरी बारीक रेघ द्या. माझ्या मते पुष्पचित्रातलं सर्वांत बोलकं प्रतीक हेच आहे. ते ओळखायला कुणाला धर्मग्रंथ वाचावा लागत नाही आणि ते खोटं वाटत नाही, कारण प्रत्येक खऱ्या झाडावर ते असतं. एकाच पानावर करा, आणि ते पान उजेडात ठेवा.

वाळवणं, सही, व्हार्निश

तैलरंग हवेतल्या प्राणवायूने वाळतो, पाणी उडून जाऊन नाही. पावसाळ्यात हे मंदावतं. अंबरचे थर लवकर वाळतात, काळा आणि अलिझरिन रेंगाळतात. चित्र कपाटात ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडाच्या खोलीत, थेट उन्हापासून दूर, भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडून उभं करा, म्हणजे मागून बुरशी धरणार नाही. धूळ बसू नये म्हणून वर तिरपा पुठ्ठा टेकवा.

सही कट्ट्याच्या दगडावर, तिथल्याच रंगाच्या किंचित गडद छटेने, दगडात कोरल्यासारखी. चित्र ज्या सालांत झालं ती दोन्ही सालं घाला. राखेल रॉइसने 1747 सालच्या चित्रावर सहीसोबत आपलं वयही लिहिलं, 83.

शेवटच्या थरानंतर निदान सहा महिने, जाड रंग असेल तर वर्षभर व्हार्निश लावू नका. तोवर काही भाग मंद आणि काही चकचकीत दिसत असतील तर रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा, एक हात पुरतो. पक्कं व्हार्निश पुढे काढता येईल असं घ्या, कोरड्या दिवशी लावा, म्हणजे महाराष्ट्रात नोव्हेंबर ते मे, आणि चित्र आडवं ठेवून रुंद मऊ ब्रशने एकाच दिशेने. दुसरा हात द्यायचा असेल तर पहिला पूर्ण वाळल्यावर, आडव्या दिशेने.